मगदूमसरांचं नाक

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मगदूमसरांनी मला घरी हाकललं. कारण काय, तर डोक्याला खोबरेल तेल. मी मुरगूडहून पहिली एस.टी. पकडून आलेली. आईनं निघताना चापून चोपून वेणी घातलेली आणि वर मोगऱ्याचा गजरा माळलेला. मी प्रयोगशाळेच्या दारात पाय ठेवला आणि टेबलामागचा तो काटकुळा, पांढऱ्या टोपीतला माणूस खुर्चीसकट मागं सरकला.

"बाई, तुमच्या डोक्याशिवाय ह्या खोलीत मला आता कायसुदिक कळंना झालंय," ते म्हणाले. "उद्या केस धुऊन या. गजरा नको, पावडर नको, आणि रात्री जेवणात लसूण नको."

मी रागानं लालबुंद झाले. पहिल्या वर्गात एम.एस्सी. झालेली मुलगी मी. गावात आधीच बोभाटा झालेला, की पाटलाची पोरगी दारूच्या कारखान्यात कामाला लागली. त्यात हा बाबा मला अंघोळीवरून बोलतो! परतीच्या एस.टी.त मी ठरवून टाकलं होतं की उद्या जायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिकेकाईनं केस धुऊन निमूटपणे हजर झाले. पुढं नऊ वर्षं मी डोक्याला तेल लावलं नाही, आणि माझी आई त्या नऊ वर्षांत एकदाही सरांबद्दल बरं बोलली नाही.

नव्वदीचा काळ होता. आमचे मालक मूळचे फौंड्रीवाले. शाहूपुरीत त्यांचं ऑफिस. तासगावकडची द्राक्षं आणून वाईन करायची असं त्यांच्या डोक्यात आलं आणि कसबा बावड्याच्या पुढं त्यांनी कारखाना काढला. वाईन म्हणजे काय हे तेव्हा कोल्हापुरात कुणाला धड माहीत नव्हतं. लोक विचारायचे, चढते का? नाही म्हटलं की त्यांचा रस संपायचा. मगदूमसर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून आलेले केमिस्ट. मालकांनी त्यांना उचललं ते नुसत्या नाकासाठी. टाकीचं झाकण उघडल्याबरोबर आतलं आंबवण कुठल्या दिवशी बिघडलं ते हा माणूस सांगतो, अशी त्यांची ख्याती होती आणि ती खरी होती.

गंमत म्हणजे सर जैन. नुसते नावाचे नव्हेत, कडक. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही नाही. मद्य, मांस आणि मध यांचा लहानपणापासून त्याग. आणि असा माणूस दिवसभर वाईन तोंडात घेऊन बसायचा. त्यांच्या टेबलाशेजारी एक पितळी तस्त असे. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, नाकानं हवा सोडायची आणि तस्तात थुंकायचं. डिस्टिलरीपासून धरून वीस वर्षांत एक थेंब घशाखाली उतरला नाही. त्यांचा स्वतःचा हिशेब साधा होता. घशाखाली गेलं तर ते पिणं, जिभेवर थांबलं तर ते काम. बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, वडीलधाऱ्यांना हा हिशेब मान्य नव्हता. सरांनी वादही घातला नाही. नोकरी धरली त्या दिवसापासून ते आपणहून गाभाऱ्याच्या बाहेर उभे राहायला लागले. मूर्तीला हात लावायचा नाही, अभिषेकाला पुढं व्हायचं नाही. दोन्हीकडचं नीट सांभाळायचं तर कुठंतरी आपणच मागं सरायला पाहिजे, असं ते म्हणत. मला तेव्हा तो बावळटपणा वाटायचा.

पण त्या कडकपणानंच त्यांना घडवलं होतं. इकडं आमच्याकडं तांबडा रस्सा भुरकून भुरकून माणसाची जीभ दहाव्या वर्षीच निबर होते. सरांची जीभ साठीला आली तरी कोरी होती. मालकांना वाटायचं, मुंबईचे पाहुणे आले की रात्री झकास पार्टी करावी आणि तिथं सरांनी चार शब्द बोलावेत. सर म्हणायचे, पाहुण्यांना चार वाजता बोलवा. शेवटी पाहुणे चारला यायचे. पाच-साडेपाचला सर चूळ भरून, टोपी नीट करून जेवायला घरी. त्यांची बायको, आमच्या काकू, ताट वाढून वाट बघत असायच्या. तोंडाला वाईन लागते म्हणून काकूंनी त्यांचा पाण्याचा तांब्या मात्र आयुष्यभर वेगळा ठेवला.

मला शिकवायची त्यांची तऱ्हाही न्यारी. ऑफिसात कामाला गेलो की दुपारच्या सुट्टीत मला शाहूपुरीतनं पायी फिरवायचे. गुळाची अडत, तंबाखूची वखार, चामड्याचं दुकान, मसाल्याची गिरणी. प्रत्येक दारात थांबायचं आणि वासाचं नाव घ्यायचं. मी एकदा म्हटलं, "छान वास येतोय." सर जागीच थांबले.

"छान हा वास न्हाय, बाई. छान हे तुमचं मत झालं. मत कोण इचारतंय? वास सांगा."

गुळाच्या अडतीवरची माणसं हसायची. मी मान खाली घालून नव्या गुळाचा आणि गेल्या वर्षीच्या गुळाचा फरक शोधत बसायची. तीन महिन्यांनी तो सापडला तेव्हा मला रडू आलं होतं.

मालकांनी फ्रान्समधून एक म्हातारा सल्लागार आणला. बर्गंडीचा. तिथं त्याच्या घराण्याची पाच पिढ्यांची द्राक्षबाग होती म्हणे. त्याचं नाव कुणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून सगळे त्याला 'पावणं' म्हणायचे आणि तोही त्या हाकेला ओ द्यायचा. पहिल्या खेपेला त्यानं चार बाटल्या आणल्या. एकच गाव, एकच उतार, एकच द्राक्ष. वय तेवढं वेगळं. तीन वर्षांची, आठ वर्षांची, पंधरा वर्षांची आणि तेवीस वर्षांची. वाईन कशी म्हातारी होते ते तुम्हाला कळल्याशिवाय तुम्ही वाईन करू नका, असं त्याचं म्हणणं.

सकाळी अकराला बाटल्या उघडल्या. मालकांना वाटलं होतं, एवढ्या लांबून आलेली महागडी वाईन म्हणजे दाट, काळीभोर असणार. निघाली पातळ. तीन वर्षांची तेवढी माणकासारखी लाल. तेवीस वर्षांची तर फिकट विटकरी, कडेला चहाच्या रंगाची, आरपार बोटं दिसावीत अशी. मालकांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "ही तर गेली की हो."

आम्ही सगळ्यांनी वास घेतला आणि मालकांचंच बरोबर म्हणून माना हलवल्या. सर तो ग्लास घेऊन व्हरांड्यात गेले. वीस मिनिटं तिथं पाठमोरे उभे. परत आले, तस्तात थुंकले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "हे म्हातारं झालंय. नासल्यालं न्हाय."

मग त्यांनी एकेक ग्लास उचलून सांगितलं. तीन वर्षांच्या वाइनीत नुसतं फळ आहे, करवंद आणि जांभूळ, सगळं तोंडावर. आठ वर्षांची रुसून बसली आहे, तिला आत्ता उघडायला नको होतं, आणखी चार-पाच वर्षं ठेवा, बोलेल. पंधरा वर्षांच्या वाइनीत फळही आहे आणि मातीही आहे. तेवीस वर्षांच्या वाइनीत फळ उरलेलं नाही. तिथं राधानगरीच्या रानातला ओला पाचोळा आहे, अळंबी आहे, निपाणीची वखारीत मुरलेली तंबाखू आहे. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत ते पावण्याला सांगत होते. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. निपाणीची तंबाखू म्हणजे काय, एवढंच त्यानं विचारलं. दुसऱ्या दिवशी सरांनी कागदाच्या पुडीत मूठभर आणली. पावण्यानं ती हुंगली, पुन्हा हुंगली, पुडी बांधून खिशात घातली आणि आपल्या गावाला घेऊन गेला.

एकाच गोष्टीवरून त्यांचं वाजायचं. पावणं म्हणायचा, नव्या वाइनी खुशाल थुंका, पण ही जुनी घशातून उतरल्यावर शेवटचं बोलते, तिथवर तिच्यासोबत जावं लागतं, तुम्ही दरवेळी अर्ध्यातनं उठता. सर हात जोडायचे. जेवढं जिभेवर मिळतं तेवढ्यावर माझं भागतंय, म्हणायचे. दरवर्षी पावणं यायचा, दरवर्षी वेगवेगळ्या वयाच्या बाटल्या, आणि दरवर्षी हे भांडण. तेवढे चार दिवस सर तरुण दिसायचे.

मग ते झालं. उसाचा हंगाम होता. बावड्याच्या रस्त्यावर ट्रॉलीतनं पडलेला ऊस चेंगरून रस्ता बुळबुळीत झालेला. सकाळी कामावर येताना त्यांची स्कूटर घसरली आणि डोकं मागच्या बाजूनं आपटलं. दवाखान्यात आठ दिवस. हाडबीड मोडलं नाही, बोलणं नीट, चालणं नीट. देव पावला म्हणून काकूंनी बस्तीत नारळ दिला.

कामावर आल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी प्रयोगशाळेत शिरले तर सर अमोनियाच्या बाटलीवर वाकून उभे. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी धावत जाऊन बाटली ओढली. मला लांबूनच ठसका लागला होता.

"डोळ्याला झोंबतंय," ते म्हणाले, "वास न्हाय. काल काकूनं दूध उतू घालवलं, करपून कोळसा झाला, मी शेजारीच बसलेलो. बाई, माझं नाक गेलं."

असा घाबरलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्याला मार बसला की असं होतं, कधी परत येतं, कधी नाही. सहा महिने वाट बघा. सरांनी मला बस्तीची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. मुलाचं शिक्षण चालू होतं, हे कारण त्यांनी दिलं. खरं कारण मला ठाऊक होतं. ते नाक सोडलं तर त्या माणसाजवळ स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतंच.

सहा महिने गेले, वर्ष गेलं, नाक काही आलं नाही. जिभेला आंबट, तुरट, कडू एवढं कळायचं. बाकी सगळं नाकाचं असतं, हे लोकांना माहीत नसतं. मग आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. वास मी घ्यायचा. वाईन ठीक असेल तर माझं पेन वहीवर, बिघडली असेल तर पेन टेबलावर. रंग, दाटपणा, तुरटपणा सर बघायचे आणि बाकीचं जुन्या आठवणीतनं बोलायचे. दोन वर्षं आम्ही असा कारखाना चालवला. कुणाला संशय आला नाही असं नाही. ड्रम निर्जंतुक करायला जाळलेली गंधकाची पट्टी भसाभसा धूर सोडत होती आणि सर शेजारी उभं राहून शांतपणे बोलत होते, हे कामगारांनी पाहिलं होतं. कुजबुज मालकांच्या कानावर गेली.

मालक तसा वाईट माणूस नव्हे. पण त्यांचा पैसा अडकलेला. त्यांनी ठरवलं, ह्या खेपेला पावणं येईल तेव्हा बाटल्या झाकून ठेवायच्या. सरांनी वास-चव घेऊन वयाप्रमाणे लावायच्या. लावल्या तर सर हवे तेवढे दिवस राहतील. नाही तर घरी. सरांना हे तोंडावर सांगितलं. आणि त्याच आठवड्यात मला ऑफिसात बोलावून विचारलं, मगदूम गेले तर तुम्ही एकट्या सांभाळाल का? मी विचार करून सांगते म्हटलं. सरांना यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

पावणं आला. पुन्हा चार बाटल्या, तशीच चार वयं, कापडानं झाकलेल्या. सकाळी अकरा. सरांनी नवी टोपी घातली होती. त्यांचं सगळं रंगावर होतं, आणि रंगावर त्यांना नव्वद टक्के कळायचं. पहिला ग्लास लालभडक, तो बाजूला गेला. दुसरा लाल पण कडेला उतरलेला, तोही लागला. आता राहिले दोन. दोन्ही विटकरी. यातला एक तेवीस वर्षांचा, आणि दुसरा पंधरा वर्षांचा, वाटेत कुठल्यातरी गोदामात उन्हानं शिजून गेलेला. माझ्या नाकाला ग्लास लांब असतानाच कळलं. उकडलेल्या मनुका आणि ओलं गोणपाट. जिभेवर तो मऊ लागत होता, तुरटपणा मेलेला, थेट म्हाताऱ्या वाइनीसारखा. सरांनी तो ग्लास हातात घेतला, घोट घेतला, थुंकले, आणि माझ्याकडं पाहिलं.

माझं पेन वहीवर होतं. ते टेबलावर ठेवायचं, एवढंच काम. मी ते ठेवलं नाही.

आज मी म्हणू शकते की खोट्याचा मला कंटाळा आला होता. दोन वर्षं रोज नाटक करून मी दमले होते, हे खरंच आहे. पण तेवढंच खरं नाही. मला त्यांची खुर्ची पाहिजे होती. दुसऱ्याच्या तोंडानं माझं नाक बोलत होतं आणि वाहवा त्यांची होत होती, हे मला सलत होतं. 

सरांनी तो ग्लास सगळ्यांत जुन्या वाइनीच्या जागी ठेवला. आणि बोलायला लागले. ओला पाचोळा, अळंबी, वखारीत मुरलेली तंबाखू, जुन्या पायताणाचं कातडं. इतकं सुंदर बोलले, की मी भिंतीकडं बघत राहिले. मालकांनी ग्लास उचलून नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. एक पोरगा खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. पावण्यानं चष्मा काढून पुसला. मग अगदी हळू म्हणाला, की ही बाटली प्रवासात खराब झाली, चूक माझी, मी तपासून द्यायला पाहिजे होती. एवढं बोलून तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

सरांना कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी त्या नासलेल्या ग्लासाकडं पाहिलं, शेजारच्या खऱ्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, आणि दोन्ही ग्लास स्वतः उचलून मोरीत नेले. मी मागोमाग गेले. ते ग्लास धूत होते.

"तुम्हाला आलता न्हवं वास?" त्यांनी विचारलं. पाठ माझ्याकडं.

"व्हय."

पुढं ते काही विचारतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी ग्लास फडक्यानं कोरडे करून जागच्या जागी पालथे घातले आणि घरी गेले. दुपारचा एक वाजला होता. राजीनामा मुलाच्या हातून आला. पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्या खुर्चीत बसायला लागले.

पाच वर्षं मी त्यांना भेटले नाही. बावड्यात राहणारा माणूस, कारखान्याच्या वाटेवरच घर, रोज त्या वळणावर मी मान दुसरीकडं करायची. काकू गेल्याचं कळलं तेव्हाही मी गेले नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती हार पाठवला. मग एकदा शाहूपुरीत त्यांचा मुलगा भेटला. आपल्याला मुलगी झाली म्हणाला, बर्फी दिली. आणि म्हणाला, बाबा तुमची आठवण काढतात, एकदा येऊन जावा की. त्याला काही माहीत नव्हतं. सरांनी घरी सांगितलंच नव्हतं.

मी गेले. सकाळची वेळ होती. सर घराच्या पुढच्या सोप्यात पलंगावर बसलेले, निम्मे झालेले. मला पाहून आत हाक मारली, बाई आल्यात, चहा टाका. राग नाही, टोमणा नाही. कारखान्याचं विचारलं. पावणं वारला हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. जेवणाचं आता काही राहिलं नाही म्हणाले, ताटात पडेल ते चावायचं. गॅस उघडा राहिला तर कळत नाही म्हणून सून एकट्याला घरात ठेवत नाही. हे सगळं ते दुसऱ्याचं सांगावं तसं सांगत होते.

तेवढ्यात सून बाळाला घेऊन बाहेर आली. दोन महिन्यांची पोर, नुकतीच न्हाऊमाखू घातलेली, धुरी दिलेली, दुपट्यात घट्ट गुंडाळलेली. सरांनी तिला घेतलं, मांडीवर थोपटलं. सून आत गेल्याची खात्री केली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"टाळूचा वास घ्या आणि सांगा मला," ते म्हणाले. "काकू म्हणायची, पोराच्या टाळूला जो वास असतोय तो पुन्हा कवाच येत न्हाय. आमच्या पोराच्या वेळंला मी डिस्टिलरीत. घेतलाच न्हाय कधी. म्हटलं, नातवंडाचा घिऊ."

मी नाक त्या इवल्या टाळूला लावलं. माझे डोळे भरले होते आणि भरल्या डोळ्यांनी वास नीट कळत नाही, म्हणून मी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा घेतला. सर डोळे मिटून, मान थोडी पुढं करून बसले होते. मी सांगत गेले. वर तेल आहे, खोबरेल. त्याखाली ओव्याचा आणि वेखंडाचा धूर. त्याखाली दूध, ताजं नव्हे, मानेच्या वळीत सुकलेलं. आणि त्याच्याही खाली उन्हात वाळवलेल्या मऊ धोतरासारखं काहीतरी, कोमट. त्याला नाव नाही सर, मी म्हटलं. मला सापडत नाही.

सरांनी मग डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"खरं सांगितलासा न्हवं, बाई?"

"व्हय, सर. खरं."

त्यांनी मान हलवली आणि बाळ माझ्याकडून काढून घेतलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.